दुधाच्या फेऱ्या

मी नाशिकला एसटीत अठ्ठावीस वर्षं कंडक्टर होतो. पेठ, सुरगाणा, निफाड, चांदवड, सगळीकडच्या गाड्या केल्या. पण स्वतः गाडी चालवायला शिकलो नाही. तशी कधी गरजच पडली नाही. ड्रायव्हर पुढे असायचा, मी मागे तिकिटं फाडत असायचो. घरी आधी सायकल होती, नंतर मुलाने स्कूटर घेतली, तिच्यावरही मी मागेच बसायचो. साठीच्या आसपास अमेरिकेतल्या एका गावात बर्फात उभं राहून मला या गोष्टीचा जेवढा पश्चात्ताप झाला, तेवढा आयुष्यात दुसऱ्या कशाचा झाला नसेल.

हे दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं आहे. जावई आधी अंबडला कारखान्यात होते, मग कॉम्प्युटर शिकून तिकडे गेले आणि लग्नानंतर मुलगीही गेली. तिला दिवस गेले तेव्हा बाळंतपणाला तिच्या सासूबाई जायच्या होत्या. पण त्या मोरीत घसरल्या, मांडीचं हाड मोडलं, आणि त्यांचं जाणं रद्द झालं. माझी बायको त्याच्या तीन वर्षं आधीच वारली होती. सुनेच्या पदरी लहान मूल. राहता राहिलो मी.

तिकडे मुलीला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलेलं, आणि जावयांचं काम बदलून चार तासांवरच्या दुसऱ्या शहरात गेलेलं. ते शुक्रवारी संध्याकाळी यायचे, रविवारी दुपारी परत जायचे. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसते घरात असलात तरी मला धीर येईल."

सून म्हणाली, "पण बाबा, तुम्हाला बाळंतपणातलं काय कळतं?"

"काय नाय कळत," मी म्हणालो, "पण खिचडी तर टाकता येती."

जानेवारीत पोचलो. दहाव्या दिवशी तिला एकाएकी त्रास सुरू झाला. तो शनिवार होता म्हणून गाडी आणि जावई दोन्ही घरी होते. ऑपरेशन करून बाळ काढलं. मुलगी झाली, पण दोन महिने आधी. वजन सव्वा किलो. काचेच्या पेटीत ठेवलेली, नाकात नळी, पायाला वायर. मी लांबूनच पाहिली. निफाडच्या बाजारात कोंबडीसुद्धा याहून जड मिळते, असा विचार माझ्या मनात आला आणि माझी मलाच लाज वाटली.

पाच दिवसांनी मुलीला घरी सोडलं. बाळ तिथेच राहिलं. त्याच दिवशी जावयांना निघावं लागलं. दारात उभे राहून ते म्हणाले, "नोकरी गेली तर व्हिसा जातो, बाबा. व्हिसा गेला तर बाळाचा विमा जातो. मी काय करू?" एवढा शिकलेला माणूस, पण डोळे पुसायलाही त्यांना सुचत नव्हतं. मी म्हणालो, "तुम्ही जा. आम्ही बघतो." गाडी एकच, ती त्यांच्याबरोबर गेली. ठेवली असती तरी चालवणार कोण? मुलीला टाके होते, डॉक्टरांनी सहा आठवडे स्टिअरिंगला हात लावू नको म्हणून सांगितलेलं. मला तर त्यातलं काहीच येत नव्हतं.

दवाखाना गावाबाहेर, हायवेच्या कडेला, घरापासून सतरा-अठरा किलोमीटर. बाळाला आईचं ताजं दूध रोज मिळालं तर ते जगायची आशा जास्त, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दूध काढायचं एक यंत्र मुलीला दवाखान्यातूनच दिलं होतं. ती खोलीचं दार लावून घ्यायची, आतून यंत्राची घरघर ऐकू यायची, आणि मी स्वयंपाकघरात नळ सोडून उभा राहायचो, ऐकू येऊ नये म्हणून. बापाने हे ऐकू नये असं आमच्या पिढीला वाटायचं.

जावई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाहेर आली. हातात दोन लहान बाटल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, खालच्या मजल्यावरच्या ताईंना विचारलं असतं, पण त्या आज नाहीत. टॅक्सीवाला फोन उचलत नाहीये."

"इथं बस नाय का?"

"आहे. तासाला एक. दोन बदलाव्या लागतात. पण तुम्हाला…"

"मला बस शिकवती का?" मी म्हणालो.

हसली ती. बाळंतपणानंतर पहिल्यांदा. तिने इंग्रजीत एक कार्ड लिहून दिलं: माझी नात दवाखान्यात आहे, मी तिचं दूध नेतो आहे, कृपा करून मला या थांब्यावर उतरवा. बाटल्या बर्फाच्या पिशवीत घातल्या. जावयांचं जाड जाकीट मी चढवलं. ते मला खांद्यात तंग आणि पोटावर सैल होत होतं. निघालो.

ती बस पाहून मी थक्क झालो. आत आठच माणसं. कंडक्टर नाही. चढतानाच ड्रायव्हरशेजारच्या डब्यात सुटे पैसे टाकायचे, मोड परत मिळत नाही. खिडकीच्या वर दोरी, अगदी आपल्या गाडीतल्या घंटीसारखी, पण ती प्रवाशाने ओढायची, उतरायचं म्हणून. माझा हात आपोआप तिकडे गेला आणि मी सवयीने दोनदा ओढली. आपल्याकडे दोन टोल म्हणजे गाडी सोड. ड्रायव्हरने गाडी थांबवून आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी कार्ड दाखवलं.

पहिल्या दिवशी जायला दोन तास लागले. दुसऱ्या बसने मला हायवेच्या पलीकडच्या बाजूला सोडलं. रस्ता सहा पदरी, फुटपाथ नाही. बाजूला बर्फाचा गुडघाभर ढीग. गाड्या थांबत नव्हत्या. पिशवी छातीशी धरून मी धावत सुटलो. दवाखान्यात नर्सने बाटल्या घेतल्या, त्यावरची चिठ्ठी वाचली, हात लावून पाहिलं आणि म्हणाली, "गुड." मी भिंतीला टेकून बसलो. एका बाटलीत अर्धा कप दूध असेल. बाळाला त्यातलं चमचाभर नळीतून द्यायचे.

त्यानंतर रोज. सोमवार ते शुक्रवार बस, शनिवार-रविवार जावयांची गाडी; रविवारी बस बंदच असायची. पहिला आठवडा संपेपर्यंत दोन्ही गाड्यांचं वेळापत्रक मला तोंडपाठ झालं. पहिली गाडी तीन मिनिटं जरी उशिरा आली तरी दुसरी चुकते, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ती चुकली की तासभर उघड्यावर. दोन तासांच्या वर बाहेर राहिलं तर बर्फ वितळतो, दूध चालत नाही.

आणि एकदा तसं झालंच. पहिल्या गाडीत एक चाकाच्या खुर्चीतले म्हातारे गृहस्थ चढले, खुर्ची चढवायची दारातली फळी खाली-वर होण्यात वेळ गेला, पुढची गाडी समोरून निघून गेली. त्या थंडीत मी पिशवी जाकिटाच्या बाहेर धरून उभा राहिलो, माझ्या अंगाची ऊब लागू नये म्हणून. तरी दोन्ही गाड्यांतल्या हीटरमुळे असेल, पोचलो तेव्हा दूध कोमट लागत होतं. नर्सने मान हलवली. मी "प्लीज, प्लीज" म्हणालो, दुसरं काही येत नव्हतं. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि दूध सिंकमध्ये ओतून टाकलं. माझी पोर सकाळपासून ते काढत बसली होती. मी घरी जाऊन सांगितलं, "दिलं. चांगलं आहे म्हणाल्या." आयुष्यात लेकीशी इतकं थेट खोटं मी पहिल्यांदाच बोललो.

त्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा पहिली गाडी उशिरा आली. मी उतरलो तेव्हा दुसरी गाडी थांब्यावरून हलली होती. मी काय करतोय हे कळायच्या आत तिच्यासमोर रस्त्यात जाऊन उभा राहिलो, दोन्ही हात वर करून. नोकरीत असं करणाऱ्या किती माणसांना मी शिव्या घातल्या होत्या. कचकन ब्रेक लागला. ड्रायव्हर एक धिप्पाड काळी बाई होती. खिडकी उघडून तिने मला जे काही सुनावलं त्यातला एक शब्द मला कळला नाही, पण सगळं समजलं. मी पिशवी उघडून बाटली वर धरली. "बेबी. मिल्क. हॉस्पिटल." तिने बाटलीकडे पाहिलं, मग दार उघडलं. मी पैसे टाकायला लागलो तर डब्यावर हात आडवा धरून काहीतरी म्हणाली, हातवाऱ्यांवरून मी अर्थ लावला, "बस. आणि परत माझ्यासमोर आलास तर अंगावर घालीन."

त्या दिवसापासून ती माझ्याशी फारसं बोलली नाही, पण बदलीच्या थांब्यावर ती गाडी अर्धा मिनिट जास्त उभी राहू लागली. वेळेवर धावणाऱ्या गाडीत कुणासाठी अर्धा मिनिट काढणं म्हणजे काय असतं, ते मला माहीत होतं.

घरी मात्र मुलगी खालावत चालली होती. खात नव्हती. टाक्यांपाशी लाल झालंय म्हणाली, पण दाखवायला जायचं तर पुन्हा गाडीचा प्रश्न. खालच्या मजल्यावरच्या तेलुगू ताईंनी तिला दोनदा बाळाकडे नेऊन आणलं होतं, तिसऱ्यांदा सांगायला तिला संकोच वाटायचा. "सोमवारी बघू, बाबा. हे शुक्रवारी आले की सोमवारपर्यंत राहणार आहेत, मग दाखवते." आता यंत्राचे भाग मीच उकळून ठेवायचो, बाटल्यांवर तारीख-वेळ मीच लिहायचो. वर्तमानपत्रात गुंडाळणं कधीच बंद झालं होतं.

तो शुक्रवार आला, पण जावई आले नाहीत. दुपारपासून बर्फ असा कोसळला की हायवे बंद केला. शनिवारी बसही धावली नाही. रविवारी सकाळी दवाखान्यातून फोन आला. मुलगी "येस, येस" म्हणत ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत होता. फोन ठेवून म्हणाली, "बाळाचं पोट फुगलंय. हिरवी उलटी झाली. कदाचित ऑपरेशन करावं लागेल. या म्हणाले."

खालच्या ताई बहिणीकडे गेलेल्या. टॅक्सीवाले म्हणाले, आज गाडी बाहेर काढणार नाही. जावई फोनवर नुसते "मी निघतो, मी निघतो" म्हणत होते, आणि निघायला रस्ता नव्हता. मी फोन ठेवून वळलो तर मुलगी बूट घालत होती.

"कुठं?"

"चालत."

"अगं, अठरा किलोमीटर आहे. तुला ताप आहे."

"तुम्ही रोज गेलात ना?"

"मी बसने गेलो, बाळा."

तिने ऐकलं नाही. एका हाताने जिना धरत, दुसऱ्या हाताने पोट दाबत उतरली. मी तिला अडवायला हवं होतं. अडवलं नाही. तिची आई असती तर तिने काय केलं असतं, कोण जाणे. सगळीकडे पांढरं, आवाज कसला म्हणून नाही. कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत, म्हणजे आपल्या दीड-दोनशे पावलांवर, आम्हाला पंधरा मिनिटं लागली. तिथे ती खाली बसली ती बसलीच. थांब्याच्या बाकावर हातभर बर्फ होता, म्हणून जमिनीवर. मी जाकीट काढून तिच्या खाली घातलं. रस्त्याने एक गाडी येत नव्हती. आलेल्या गाडीसमोर उभं राहायची माझी तयारी होती, पण उभं राहायला गाडी तर हवी.

मी आयुष्यात अपघात पाहिलेत, घाटात गाडी बंद पडून सगळा दिवस बसलोय, बायको माझ्या डोळ्यांदेखत गेली. पण त्या कोपऱ्यावर जसं वाटलं तसं कधी वाटलं नव्हतं. आपली माणसं कुठे आहेत ते पक्कं माहीत आहे आणि तिथे जाता येत नाही.

तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, मी ॲम्ब्युलन्स बोलावते. मलाच असह्य होतंय म्हणून सांगते. ते मला त्याच दवाखान्यात नेतील." मग थांबून म्हणाली, "खोटं बोलू ना?"

पंधरा वर्षांच्या मुलाला दहाचा सांगून अर्धं तिकीट मागणाऱ्या बायकांशी मी भर गाडीत हुज्जत घातलेली. मी म्हणालो, "बोल."

तिने मोबाईलवर फोन केला. बर्फ बाजूला सारणाऱ्या ट्रकच्या मागोमाग ॲम्ब्युलन्स आली. एका तरुण माणसाने तिच्या पोटावरचा कपडा वर केला, नुसता हात लावला आणि ती किंचाळली. त्याने दुसऱ्याकडे पाहिलं, आणि मग ते दोघं एकदम घाईने हालचाल करायला लागले. त्यांच्या घाईवरून मला कळलं की यात खोटं काही नव्हतं. टाक्यांच्या आत पू झाला होता, विष अंगात भिनायला लागलं होतं. आणखी एक दिवस गेला असता तर सांगता आलं नसतं, असं नंतर डॉक्टर म्हणाले. सोमवारी बघू, असं आम्ही ठरवलं होतं.

दवाखान्यात तिला एका दारातून आत नेलं, मी बाळाकडे चौथ्या मजल्यावर गेलो. कोपरापर्यंत हात धुवायला लावले. बाळाचं पोट फुगून चमकत होतं, त्यावरच्या निळ्या शिरा मोजता आल्या असत्या. डॉक्टरांनी फोनवर हिंदी बोलणारी एक बाई लावून दिली. ती कुठून बोलत होती देवाला ठाऊक. म्हणाली, "अंकलजी, दूध बंद किया है. दवा चल रही है. कल तक देखेंगे, नहीं तो ऑपरेशन." मी विचारलं, "बचेगी?" ती म्हणाली, "ये सवाल मैं डॉक्टर से पूछूँ?" मी म्हणालो, "नको, राहू दे." मराठीतच.

त्या पेटीपाशी उभं राहून मी देवाचं काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. मला एक ओळ आठवेना. तोंडातून आले ते पेठच्या गाडीचे थांबे, म्हसरूळ, आशेवाडी, रासेगाव, उमराळे, चाचडगाव, करंजाळी, कोटंबी, पेठ. पुन्हा म्हसरूळ. नर्सला वाटलं मी प्रार्थना करतोय, ती बाजूला झाली. दिवसभर मी लिफ्टने दुसऱ्या मजल्यावर लेकीकडे आणि चौथ्यावर नातीकडे वर-खाली करत राहिलो. लेक शुद्धीवर आल्यावर पहिलं म्हणाली, "आहे ना?" मी म्हणालो, "आहे."

जावई सोमवारी संध्याकाळी पोचले आणि दोन दिवसांनी पुन्हा गेले. मुलगी दवाखान्यातच होती. मी रोज घरून बसने जायचो, हातात पिशवी नाही. बाळाचं दूध बंदच होतं. पहिल्याच दिवशी त्या ड्रायव्हर बाईने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "मिल्क?" मी मान हलवली. "नो मिल्क." तिचा चेहरा एकदम बदलला. तिने गाडी तशीच उभी ठेवली, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. तेव्हा मला उमगलं की तिला काय वाटलंय. "नो, नो," मी म्हणालो, "बेबी…" आणि पुढचा शब्द मला येईना. आहे, जिवंत आहे, पण राहील की नाही माहीत नाही, हे इंग्रजीत कसं सांगायचं? "बेबी वेटिंग," मी म्हणालो. तिला काय कळलं कोण जाणे. मी माझ्या जागेवर जाऊन बसलो आणि जाकिटात तोंड लपवून रडलो. परमुलखात, परक्या माणसांसमोर, गाडीत. दवाखान्याचा थांबा आला तेव्हा दोरी मी ओढली नाही. गाडी आपोआप थांबली.

ऑपरेशन करावं लागलं नाही. अकराव्या दिवशी नळीतून पुन्हा चमचाभर दूध गेलं. त्यानंतर महिनाभर, आधी मी एकटा, मग बरी झाल्यावर मुलगी माझ्या दंडाला धरून, अशा आम्ही त्या फेऱ्या केल्या. मार्चअखेर बाळ घरी आलं. जावयांनी त्याच गावात कमी पगाराचं काम धरलं. माझे सहा महिने संपत आले होते, मी परत आलो.

इंदिरानगरच्या आमच्या कट्ट्यावरची मंडळी विचारायची, "काय हो, तिकडच्या बस कशा आहेत?" मी सांगायचो, "चांगल्या हायेत. स्वच्छ हायेत." पुढचं सांगायचं टाळून मी विषय बदलायचो.

नातीला एका कानाने कमी ऐकू येतं. बाकी सगळं ठीक. ती चार वर्षांची असताना मुलगी तिला घेऊन नाशिकला आली होती. एका दुपारी आम्ही रिक्षाने मेन रोडकडे चाललो होतो, नात आमच्या मध्ये झोपलेली. सिग्नलला रिक्षा थांबली. मुलगी बाहेर बघत होती. मध्येच म्हणाली, "बाबा, ॲम्ब्युलन्स आली नसती तर त्या दिवशी मी चालतच गेले असते."

"माहितीये," मी म्हणालो.

सिग्नल सुटला. पोरीचं डोकं कलंडलं होतं, ते मी उचलून माझ्या मांडीवर घेतलं.